थांबवलेला डोंगर

डोंगर थांबला तर बायजा मरगळेच्या पदरात काय पडणार होतं? सरळ उघडणारं दार, स्लॅबचं घर आणि त्या घराकडे बघून तिच्या मुलाला, बिराला मिळणारी बायको. वरच्या बंगलेवाल्या सरपोतदाराच्या पदरात काय पडणार, हे विचारायचं तिला सुचलं नाही. ती सरपंच होती, डोंगर थांबवायच्या कागदावर सही तिचीच लागत होती. तिने केली.

तिचा धनगरवाडा दरवर्षी वीतभर खाली सरकायचा. सह्याद्री म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचे थरांवर थर. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो. पाणी मुरलं की तो ओल्या साबणासारखा होतो आणि वरचा उतार सावकाश घसरू लागतो. वाड्याने त्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्या जमवून घेतलं होतं. घरं लाकडी खांबांची, खांब दगडांवर नुसते टेकवलेले. पावसाळा सरला की सगळे मिळून एकेक घर खांद्यावर उचलत, चौकटी ओळंब्यात आणत आणि मग बकरं कापत. याला ‘घरउचल’ म्हणत. सरपोतदाराचे पोहण्याचे तलाव मात्र असे उचलता येत नव्हते.

म्हणून ‘गोठण’ आली. भोकं पाडून तांबड्या मातीत एक रस सोडायचा, तो आत दगडासारखा घट्ट होतो. डोंगर थांबला. वाड्यात स्लॅब पडले, बिराचं लग्न झालं, घरउचल बंद पडली. बकरी तेवढी फायद्यात राहिली.

बारा वर्षांनी भूवैज्ञानिक डॉ. अनघा रिसबूड मोजणीला आल्या आणि बायजाच्या ओट्यावर चहा न पिताच बसून राहिल्या.

“डोंगर थांबला, पण त्याची ओढ थांबलेली नाही,” त्या म्हणाल्या. “शिवाय गोठणीने पाण्याची वाट बुजवली. पाणी आत तुंबतंय. गोठण विरघळवून त्याला थोडं थोडं सरकू द्यायला हवं.”

“नाही दिलं तर?”

“मग सगळ्या विती एकदम.”

सही घेताना हे का नाही सांगितलं, असं बायजाने विचारलं. तेव्हाच्या अहवालात होतं, असं बाई म्हणाल्या.

“अहवाल काय शेळ्यांना वाचून दाखवला होता?”

बंगलेवाल्यांनी विरोध केला, तलावांना तडे जातील म्हणून. तो तर ठरलेलाच होता. पण ग्रामसभेत पहिला उठला तो बिरा.

“आये, डोंगर सरकला तर आपलेबी स्लॅब फुटतील. ते काय तू खांद्यावर उचलणार?”

सभा हसली. गोठण राहू द्या म्हणून सगळे हात वर गेले, एकट्या बायजाचा खाली राहिला. सरकारी मंडळाने मग सगळ्यांचं मन राखलं. बंगल्यांखाली आणखी गोठण ओतली आणि वाड्याला धोक्याचा इशारा द्यायला एक भोंगा दिला.

बायजा तालुक्याच्या कचेरीत खेटे घालत राहिली. श्रावणातल्या एका दुपारी ती साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बसलेली असताना डोंगर सुटला. भोंगा वाजला, अगदी खणखणीत वाजला. त्यानंतर चपला पायात घालायलाही वेळ मिळाला नाही.

जास्तीच्या गोठणीवर बंगले जागच्या जागी उभे राहिले. एका तलावाला चीर गेली, तिचे पैसे विम्याने दिले. रिसबूडबाईंचा अंदाज खरा ठरल्याचं परिषदेत कौतुक झालं. सरपोतदाराने श्रद्धांजलीचा फलक लावला. खाली तांबड्या चिखलात बिरा होता, त्याची बायको होती, सभेत हसलेले सगळे होते.

वारस एकच उरली होती. साहेबांनी तिला या वेळी आत बोलावलं, खुर्ची दिली, भरपाईचा कागद आणि पेन पुढे केलं.

बायजाने पेनाकडे पाहिलं.

“आधीची सही फिटली का साहेब, तेवढं आधी सांगा.”