पावणेदहाची नोंद

वर्गाचं दार ढकललं, तर एक माणूस उलट्या खुर्च्यांच्या गराड्यात मांडी घालून बसला होता. टेनिसचे जुने चेंडू चिरून खुर्च्यांच्या पायांना बसवत होता.

"काका, तिसरीचे वर्गशिक्षक कुठं भेटतील?"

"काय काम होतं?"

"त्यांना शिकवायचंय."

त्यानं हात झटकले. "शिकवा की. फक्त काका नका म्हणू... अजून कुणी म्हणत नाही."

खुर्च्या सरकल्या, की त्याच्या वर्गातली एक मुलगी कान दाबून बाकाखाली शिरायची. त्यासाठी हा उद्योग. मुलगी आठ वर्षांची. बोलायची कमी, हुकूम सोडायची जास्त, म्हणून सगळे तिला बाईसाहेब म्हणत. मी विशेष शिक्षिका. तिला वर्गात रुळवायचं आणि तिच्या सरांना तयार करायचं, हे माझं काम. मुदत सहा आठवडे. शेवटी मी निरीक्षणपत्रक भरायचं आणि त्यावरून शाळेची समिती ठरवणार, की बाईसाहेब याच वर्गात राहतील, की दूरच्या स्वतंत्र शाळेत जातील. तिची एकुलती एक मैत्रीण याच वर्गात होती.

सर मन लावून शिकत. खोड एकच.

"वही काढा, तारीख घाला, आणि हो, ती खिडकी लावा –"

"सर, एका वेळी एकच सूचना."

"बरंय. लग्न झाल्यावर बायकोला सोपं जाईल."

"बायकोला सूचना देणार आहात?"

"घेणार आहे," ते म्हणाले. "एका वेळी एकच."

मी हातातल्या चित्रांच्या कार्डांकडे बघत राहिले. ती उलटी धरली होती, हे बाईसाहेबांनी दाखवून दिलं.

निरीक्षणाच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले. दर पाच मिनिटांनी एक नोंद – मूल काय करतंय. फक्त मूल. तास संपला, पत्रक भरलं, संध्याकाळी कार्यालयात माईंपुढे ठेवलं. माई आम्हा विशेष शिक्षिकांतल्या सर्वांत जुन्या. त्यांनी मोठ्यानं वाचायला घेतलं.

"साडेनऊ – बाह्या दुमडल्या. नऊ पस्तीस – खडू दोनदा पडला, दोन्हीदा स्वतःच उचलला. पावणेदहा – हसू." माईंनी चष्मा काढला. "बाईसाहेब खडूनं लिहायला लागल्या वाटतं?"

मी पत्रक ओढून घेतलं. नऊ नोंदी. मुलीची एकही नाही.

"आठवून लिहू का?"

"आठवतंय?"

नव्हतं आठवत. न बघितलेलं लिहिलं असतं, तर सकाळी मला देवापुढं बसवलं नसतं.

"मग उद्या मी जाते," माई म्हणाल्या. "परवा बैठक आहे. सरांना तू सांग."

सकाळी सरांना व्हरांड्यात गाठून सांगितलं, की आज निरीक्षणाला माई बसतील.

"माई का?" त्यांनी विचारलं. "पत्रक वाईट आलं?"

"तिचं नाही... माझं. ते चालणार नाही."

"मॅडम, नवीन माणूस वर्गात आला की ती सैरभैर होते. तुम्हीच सांगितलंत मला. आज ती बाकाखाली गेली तर?"

"तर ते माझ्यामुळं. बैठकीत तसं सांगेन."

ते वर्गात गेले. त्या तासाला मी बाहेरच्या बाकावर बसून होते. आतलं काही नीट ऐकू येत नव्हतं.

बैठकीत माईंनी त्यांचं पत्रक वाचलं. पहिली पंधरा मिनिटं बाईसाहेब बाकाखाली. सरांनी हाक मारली नाही, ओढलं नाही. वाचनाचं चित्र असलेलं कार्ड तेवढं खाली सरकवलं आणि शिकवणं चालू ठेवलं. नऊ पंचेचाळीसला ती वर आली. पुस्तक उघडलं आणि मैत्रिणीला म्हणाली, "तू ऐक."

मी उठून सांगितलं, की पहिल्या पंधरा मिनिटांचा दोष माझ्याकडे धरावा. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, कारण विचारलं नाही. मुलगी याच वर्गात राहील, विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदा येईल, असं त्यांनी लिहिलं. विशेष शिक्षिका म्हणून मी माईंचं नाव सुचवलं.

सरांनी मला जिन्यात गाठलं.

"सगळं नीट झालं आणि आता वर्ग सोडताय?"

"तिथं माझं लक्ष राहत नाही."

"कशामुळं?"

पिशवीतून मी पहिलं पत्रक काढलं. "प्रत वर्गशिक्षकाला द्यायचा नियम आहे. उशीर झाला..."

त्यांनी उभ्यानं वाचलं. मग पायरीवर बसून पुन्हा वाचलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"पावणेदहा – हसू. एवढंच?"

"एवढंच दिसलं."

"अर्धवट नोंद आहे. तुझ्याकडं बघून हसलो होतो." त्यांनी खिशातलं पेन पुढं केलं. "दुरुस्त कर."

मी शेजारी पायरीवर बसले आणि दुरुस्त केलं.