दुसऱ्या आउटपुटचा दिवा

पलूसच्या वायरमन कृष्णातला बोलावणं आलं ते तसं साध्याच कामाचं होतं. मळ्यातल्या बंगल्याचा इंटरकॉम आपोआप चालतोय, तेवढा येऊन बघून जा, असा दीपमालावहिनींचा फोन होता. आपोआप चालतोय असं गिऱ्हाईक म्हणालं की उंदरानं वायर कुरतडलेली असते, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. त्यानं पिशवीत टेस्टर टाकला आणि मोटारसायकलला किक मारली.

इंटरकॉम त्यानंच बसवलेला. घरचा मुलगा विश्वजीत फौजेत, सुट्टीवर आला तेव्हा हौसेनं बसवून घेतला होता. त्या डब्याला दोन आउटपुट होते. पहिल्यानं फाटकाची कडी सुटायची, दुसऱ्यानं ओसरीवरचा दिवा लागायचा, आणि दोन्ही फोनवरून, कितीही लांबून चालायचे. आई, राहीबाई, गुडघ्यांनी अधू. पण तिन्हीसांजेला फाटक बंद आणि ओसरी अंधारी ठेवायची नाही, हा तिचा जन्माचा नेम. तो मोडू नये म्हणून पोरगा जिथं ड्युटीवर असेल तिथून रोज आईच्या ओसरीवर दिवा लावायचा.

गेल्या दिवाळीआधी त्याची गाडी दरीत गेली, त्यातच तो गेला. फोनसुद्धा सापडला नाही. दिवा मात्र रोज लागतच होता.

"भाऊ, ते बंद करा," दीपमालावहिनी हळू आवाजात म्हणाल्या. त्या विश्वजीतची बायको; सातारला नोकरी करायच्या, सासूला आत्या म्हणायच्या. "आत्यांच्या हृदयाचं ऑपरेशन करायचंय, डॉक्टर सातारला बोलावत्यात. आणि ह्या हलायला तयार न्हाईत. म्हणत्यात, त्यानं दिवा लावला आणि घरात कुणीच नसलं तर...?"

कृष्णातनं डबा उघडला. वायरी शाबूत होत्या. कुठं टायमर लावून विसरलोय का बघितलं, तर तोही नव्हता. आउटपुट चालवायची परवानगी एकाच नंबरला होती, विश्वजीतच्या. याच ओसरीवर त्याच्याबरोबर चहा प्यालेला माणूस तो. नंबर पुसताना त्याचा अंगठा जड झाला. पण म्हातारीचा जीव वाचायचा होता. त्यानं पुसला.

"काय काढलंस रं?" उंबऱ्यापाशी बसलेल्या राहीबाईंनी विचारलं.

"जुनं सेटिंग, काकी. खराब झालं हुतं."

दिवस कलला. उसात वारा सळसळायला लागला, ओल्या पाचटाचा कुबट वास ओसरीपर्यंत आला. रोजची वेळ झाली आणि गेली. दिवा लागला नाही. राहीबाई वर दिव्याकडं बघत राहिल्या. पुढ्यातल्या ताटातली भाकरी तशीच वाळत होती.

"रेंज नसंल," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "डोंगरात नसती..."

थोड्या वेळानं त्या पुन्हा तेच म्हणाल्या. कृष्णातला ते ऐकवेना. तो गोठ्यामागं गेला, त्यानं स्वतःचा नंबर डब्याला जोडला आणि फोनवरून दुसरा आउटपुट दाबला.

ओसरी उजळली. राहीबाई दिव्याकडं कितीतरी वेळ बघत होत्या. मग त्यांची नजर गोठ्याच्या कोपऱ्यावर गेली आणि तिथंच थांबली.

"लागला बाई," त्या म्हणाल्या आणि भाकरीचा तुकडा मोडला. वहिनी तोंडाला पदर लावून आत गेल्या.

कृष्णातनं धीर केला. "काकी, ह्यो डबाच सातारला न्हेऊया. जिथं तुमी, तिथं दिवा लागंल."

"ने बाबा," राहीबाई म्हणाल्या.

त्यानं डबा काढला, उघड्या वायरींना टेप गुंडाळली, मेन स्विच बंद केला. वहिनींच्या सातारच्या फ्लॅटच्या दाराला तोच डबा बसवला, कडी आणि दिवा दोन्ही जोडले आणि रोज तिन्हीसांजेला पलूसमधून तिथला दिवा लावायचा नेम धरला. जेवण टळलं तरी दिवा टळला नाही. ऑपरेशन नीट पार पडलं. आपण खोटं बोललो पण चांगल्यासाठी बोललो, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

पुढं एकदा वहिनींचा फोन आला. आत्यांना त्यांची पांघरायची वाकळ हवी होती. किल्ली कृष्णातकडंच होती.

तो बंगल्यावर पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. आत येऊन त्यानं फाटकाला कडी घातली. वाकळ काढली, काखेत धरली, कुलूप लावलं. सातारचा दिवा लावायचा म्हणून खिशाकडं हात नेला, तोच डोक्यावरचा दिवा लागला.

लागला आणि विझला. पुन्हा लागला, विझला. मग स्थिर झाला.

कृष्णातनं भिंतीकडं बघितलं. डबा नव्हता. भिंतीवर टेप लावलेल्या वायरी लोंबत होत्या. मेन स्विच बंद होता. वाऱ्याचा आवाज थांबला होता. दिवा पुन्हा दोनदा मिचकावला. मग पुन्हा, भराभर... कुणी अंधारात हाका मारत घरभर फिरावं तसा.

भीती वाटायची ती वाटलीच, पण तिच्याहून मोठी टोचणी त्याला लागली. ह्या पोराची आई आपण हलवली. त्याला कुणी सांगितलंच नाही.

"विश्वा..." तो कसाबसा बोलला. "आई हितं न्हाई रं... सातारला हाय. बरी हाय गड्या. डबा बी... तिकडंच हाय."

दिवा थांबला. क्षणभर नुसता जळत राहिला आणि विझला. फाटकाची कडी खट्ट वाजली. फाटक हळूच उघडलं, बाहेरच्या बाजूला.

कृष्णात ओसरीवर बसूनच राहिला. अंधार पडला तरी त्याला सातारच्या दिव्याची आठवण राहिली नाही. मग फोन वाजला.

"भाऊ," दीपमालावहिनी घाईघाईनं म्हणाल्या. "आत्ता दिवा तुमी लावला?"

"न्हाई वहिनी... मी हात बी लावला न्हाई."

"आत्या रडत्यात. म्हणत्यात, इतकं दिस कृष्णात लावत हुता, मला ठावं हाय. त्याचा सरळ लागतो. माझा लेक आधी दोनदा मिचकावतो... आणि भाऊ, दाराची कडी पण सुटलीया. मी बघितलं, बाहेर कोण न्हाई. पण आत्या म्हणत्यात, लांबनं आलाय, ताट वाढ."