साडूची सरकती खोली

साडू नावाचा माणूस देवाने फक्त आपल्याला मान खाली घालायला लावण्यासाठी बनवला असावा, असं मी उघड म्हणतो. माझी बायको पौर्णिमा ते ऐकते आणि विषय बदलते, कारण तिच्या धाकट्या बहिणीचा, दामिनीचा, नवरा कुलदीप हा माझा एकुलता एक साडू. अमरावतीला त्याची रोपवाटिका आहे. सासुरवाडीला, नांदगाव खंडेश्वरला, आम्ही दोघं एका पंगतीत बसलो की सासूबाई माणिकबाई तुपाची वाटी घेऊन आधी त्याच्याकडे वळतात. मोठा जावई मी. बारा वर्षांत हे मी कोणाला बोललो नाही, पण एकदाही विसरलो नाही.

अकोल्यात बार्शीटाकळी रोडला माझं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं शेड आहे. शेडला लागून घर. घरात मी, पौर्णिमा, नऊ वर्षांची खुशी आणि माझी आई. हे घर माझ्या वडिलांनी, रामरावांनी, स्वतः आखून बांधलं. त्यांची मापाची सात फुटी चौकोनी सागवानी काठी होती. तिच्यावर दाराची, खिडकीची, देवळीची खाच पाडलेली. आधी काठी फिरली, मग पाया खोदला. आमची झोपायची खोली दहा बाय बारा, आणि दहा म्हणजे दहाच. मी माझ्या हाताने मोजलेलं आहे.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी कुलदीप दामिनीला घेऊन जीपमागे एक पांढराशुभ्र डबा ओढत आला. चाकांवरचं घर. आत ओटा, बेसिन, एसी, आणि एका बाजूला बटण. बटण दाबलं की डब्याची भिंत पलंगासकट अडीच फूट बाहेर सरकायची आणि आत एक खोली तयार व्हायची. कुठल्या तरी परराज्यातल्या कारखान्यातून त्याने तो डबा बनवून घेतला होता. चार दिवस चिखलदऱ्याला जायचा बेत होता. पौर्णिमा आणि खुशीलाही न्यायचं दोघी बहिणींचं फोनवर कधीच ठरलं होतं. मला शेवटी विचारलं. मी कामाचं कारण सांगितलं. साडूच्या खोलीत पाहुणा म्हणून पाय पसरायची माझी इच्छा नव्हती.

पौर्णिमाने बटण दाबलं. भिंत घरघरत बाहेर गेली आणि ती तोंडावर पदर धरून हसली. आमच्या घरात ती अशी कधी हसली होती, ते मला उन्हात उभं राहून आठवेना. माझ्या पोटात जे दुखायला लागलं त्याला दुसरं नाव नाही. मी जळलो.

मग खोली आत जाताना अडकली तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

खोली तिरपी बसत होती. वरच्या कोपऱ्यात तीन सुतांची फट होती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा तीन सुतांत पेन्सिल सहज जाते. तिथून धूळ येत होती, रबर चिमटत होतं. कुलदीपने मला हे दाखवलं आणि पौर्णिमाच्या देखत म्हणाला, "उद्यापर्यंत होते का पाहा भाऊ. नाही त नागपूरले मोठ्या वर्कशॉपात नेतो. तुमाले कावून तरास देऊ?"

आता हे त्याने सरळ मनाने म्हटलं असेल. मला तसं ऐकू आलं नाही.

रविवारी पहाटेच मी डब्याखाली शिरलो. खोली दोन दातेरी पट्ट्यांवर चालत होती आणि एकच मोटर दोन्ही बाजूंच्या गराऱ्या, म्हणजे दातेरी चाकं, फिरवत होती. मागची गरारी एक दात पुढे गेली होती. बोल्ट ढिला करून तो दात मागे घेतला, दोरीने कोपरा ते कोपरा दोन्ही तिरपी मापं घेतली. सारखी आली. तरी वरची फट तीन सूतच. मग सापडलं. फरशीखाली एक नायलॉनची पट्टी होती, जिच्यावर खोली घासत पुढेमागे व्हायची. ती झिजली होती. तिच्या जागी इंचभर जाडीची कडक लाकडाची सरळ पट्टी हवी होती. आरागिरणी रविवारी बंद. दुपारचे बारा वाजले होते, लोखंडाला हात लावला तर कातडी निघेल असं ऊन. कुलदीप खुर्चीत बसून ताक पीत होता आणि नागपूरच्या कोणाशी तरी फोनवर बोलत होता.

मी घरात गेलो आणि माळ्यावरून वडिलांची काठी काढली.

आई स्वयंपाकघरातून आली. तिचं नाव कौशल्या, पण अख्खा रोड तिला माय म्हणतो. ती सहसा माझ्या कामात पडत नाही. "थे नको नेऊ," म्हणाली. "आपल्या घराचं माप हाय थे. तुह्या बापानं कोनाच्या घराले लावू देली नाही." मी म्हटलं, लाकूड आहे ते, आई. घर सिमेंटचं आहे, ते काय काठीवर उभं आहे?

काठी बसली. सात फुटांची ती जागा, सात फुटांचीच काठी, जाडी बरोबर इंच. एक सूतही कापावं लागलं नाही. स्क्रू मारले, बटण दाबलं. खोली लोण्यातून सुरी जावी तशी बाहेर गेली आणि आत आली. फट नाही.

त्याच वेळी घरातून भांड्यांचा आवाज आला. आईने हाक मारून विचारलं की कपाट कोण सरकवतं आहे. घरात तर तिच्याशिवाय कोणीच नव्हतं.

हात धुवून शर्ट बदलायला आत गेलो तर कपाटाचं दार पलंगाला अडत होतं. बारा वर्षांत कधी अडलं नव्हतं. मी चिडलो तरी टेप घेतला, कारण चिडून माप निघत नाही. फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेपची पट्टी ताणून ठेवली. दहा फूट. बरोबर. बाहेर कुलदीप खुशीला बटण दाखवत होता, त्याचा आवाज येत होता. मोटर घरघरली.

टेपची पट्टी मधोमध हळूच, आपोआप वर उचलली गेली. भिंतीने दोन्हीकडून दाबल्यासारखी तिची कमान झाली. मी वाकून कमान हाताने दाबली, भिंतीशी आकडा पाहिला आणि पट्टी सोडली. दहा फुटांना तीन सूत कमी.

बाहेर मोटर पुन्हा घरघरली. पट्टी जमिनीला टेकली.

मी तिथेच उकिडवा बसलो आणि स्वतःला समजावलं. अकोल्याचा मे आहे, लोखंडाचा टेप उन्हात वाढणारच. शिवाय आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते, प्रत्येक घराच्या भिंतीला भेग असते, भिंती हलतात. सगळं खरं. पण माती बटण दाबल्यावर हलत नाही, आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर परत जाग्यावर येत नाही.

उठलो. काठी काढायची, दुसरं लाकूड सोमवारी आणायचं, असं ठरवून शेडमध्ये आलो. पाना हातात घेतला होता. तेवढ्यात कुलदीपने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मानलं भाऊ. नागपूरवाल्याले नसतं जमलं हे." पौर्णिमा पायरीवर बसली होती. ती माझ्याबद्दल दामिनीला म्हणाली, "यायच्या हातचं काम कधी हलत नाही." म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं. तसं तिने पाहावं म्हणून मी किती वर्षं थांबलो होतो.

काय सांगणार होतो मी? की साडूची खोली नीट झाली, म्हणून माझी बिघडली? पाना खिशात घातला.

सोमवारी सकाळी ते निघाले. खुशीने जीपच्या खिडकीतून हात हलवला.

त्या दुपारी एक वाजता दामिनीचा फोन आला. पोचलो, खोली उघडली, भाऊजी, एकदम फस्कलास. मी फोन कानाला लावून झोपायच्या खोलीत उभा होतो. उत्तरेची भिंत वीतभर आत आली. आवाज झाला नाही. फक्त कॅलेंडर थोडं हललं.

मंगळवारी ते एका जागेवरून दुसरीकडे गेले असणार, कारण सकाळी भिंत मागे गेली आणि दुपारी पुन्हा आली. मागे गेली ती पूर्ण नाही. मी पेन्सिलीने फरशीवर खुणा करत गेलो. आईने स्वतःची बाज उचलून ओसरीत नेली. 

कपाट आणि पलंग एकमेकांना टेकले. खिडकीचं एक तावदान भिंतीत गेलं.

बुधवारी दामिनीने फोटो पाठवला. पौर्णिमा त्या सरकत्या खोलीत मांडी घालून बसली होती, केस मोकळे सोडलेले. खोली मी दुरुस्त केली त्याहून मोठी दिसत होती. एवढ्या जागेत दोघी बहिणी आणि खुशी लोळत होत्या. मी जळत जळत फोटो मोठा केला.

पौर्णिमाच्या मागे पांढऱ्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. खालून वर, दर वर्षी पोळ्याच्या सणाला एक. खुशीची उंची. प्रत्येक रेघेपुढे माझ्या हातची तारीख. मी साताच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ मारतो, ट्रॉलीच्या पत्र्यावर लिहायची सवय. त्या साताला आडवी रेघ होती.

मी वळून आमच्या उत्तरेच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे मी दर वर्षी मारलेल्या रेघा आता नव्हत्या. भिंत कोरी होती.

गुरुवारी ते परतायचे होते. दहा वाजता मीच फोन लावला. कुलदीपने उचलला. म्हणाला, खोली बंदच होऊन नाही राहिली भाऊ, पण घाई कोणाला आहे, जागा एवढी झाली की सगळे आरामात आहेत. आणखी आठ दिवस राहतो म्हणाला.

तेव्हा मी ते सगळं गिळलं. तूप, नागपूर, पाठीवरचा हात, सगळं.

"कुलदीपजी," मी म्हणालो, "फरशीखाली लाकडाची पट्टी हाय. थे काढून टाका. माह्यं काम चुकलं."

तो हसला. "काय भाऊ, मजाक करता. आत्ता सकाळीच त तुमी वाकून पाहिलं न. तुमीच म्हटलं, सगळं बरोबर हाय."

मी फोन ठेवला. मग निघायचं ठरवलं. अकोला ते चिखलदरा, बसने गेलो तरी संध्याकाळपर्यंत पोचतो. कपडे घ्यायला खोलीत गेलो. पिशवी भरली.

मागे लोटलेलं दार आता उघडेना. ते आत उघडतं, आणि कपाट सरकून दाराला टेकलं होतं.

मी आईला हाक मारली. ओसरीतून तिचा आवाज ऐकू येत होता. ती कोणाशी तरी फोनवर बोलत होती. "जेवलास का रे बाबू," असं काहीसं. आई मला सोडून कोणाला बाबू म्हणत नाही.

खोलीचा पलंगाएवढा पट्टा उरला होता. मी त्यावर बसून पौर्णिमाला फोन लावला. खुशीने लगेच उचलला.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी फोन घेऊन बाहेर कावून गेले? आत्ता त इथं बसले होते."

मी विचारलं, कुठे बसलो होतो.

"इथं. माही उंची मोजली न तुमी आज. दोन बोटं वाढली म्हटलं."

आयुष्यभर मी कुलदीपवर जळलो. आता कोणावर जळायचं ते मला कळेना, पण पोटात तेच दुखत होतं, पहिल्यापेक्षा जास्त.

मी दोन्ही हात पसरले. दोन्ही तळवे भिंतींना टेकले, कोपर सरळ न करता.

फोनमध्ये ताटं मांडल्याचा आवाज आला. मग पौर्णिमाचा, हसरा, पायरीवर बसली होती तेव्हासारखा. "अहो, या न आत. भात थंडा होऊन राहिला."

मी तोंड उघडलं नव्हतं.

तिकडून मी खाकरलो आणि म्हणालो, "आलो."

खुशीने फोन ठेवला.