न सुटणारी मेमरी

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. माझ्या सख्ख्या ताईच्या बाबतीत घडलेलं आहे हे.

रविवार होता. भरदुपार. ऑफिसात ती एकटीच.

ताई एका दवाखान्याची वेबसाइट सांभाळते. पेशंटना अपॉइंटमेंट देणारी, रुबी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेली. गेले कित्येक आठवडे ती साइट मेमरी खात सुटली होती. घेतलेली परत द्यायचं नावच नाही. सकाळी चालू केली की संध्याकाळपर्यंत सर्व्हर आडवा. मग ताईला फोन. जेवताना, अंघोळीला जाताना, कधीही. बिचारी पार पिचून गेली होती.

त्या दुपारी तिने साइटची एक प्रत स्वतःच्या लॅपटॉपवर चालू केली आणि प्रोफायलर लावला. मेमरीत काय अडकून पडलंय, ते कोडच्या कुठल्या ओळीतून आलं, हे तो दाखवतो.

चुका सापडल्या. तिने दुरुस्तही केल्या.

तरी मेमरी वाढतच होती...

तिने इंटरनेट बंद केलं. आता साइटवर येणारं कुणीच नव्हतं.

तरीही वाढत होती. सावकाश... कुणी श्वास घ्यावा तशी.

तिने अडकलेला मजकूर उघडला. पेशंटची नावं असतील, असं तिला वाटलं.

‘मान मोडून आली.’

‘घरी जाऊन पडावं.’

‘नुसतं पडून राहावं.’

तिने हे टाइप केलं नव्हतं. तोंडातूनही काढलं नव्हतं. सकाळपासून नुसतं मनात येत होतं.

कुठल्या ओळीतून आलं? ती जागा कोरी.

एसीची घरघर थांबली... आणि खाली नवीन मजकूर उमटला.

‘आई, दार उघड.’

मेमरी झपकन उतरली. वाढायची थांबली.

ताईने ऑफिसच्या फोनवरून घरी फोन लावला.

“आई, बरी आहेस ना?”

आई कुजबुजली, “कोण बोलतंय?”

“अगं, मी!”

“थट्टा नको हं. ती आत्ताच आलीये. दमलेय म्हणाली, आत झोपलीये. हळू बोला, उठेल.”

ताई धावतपळत घरी पोचली. आतली खोली रिकामी होती. चादर चुरगळलेली, उशीला खड्डा.

आईने उशीवर हात ठेवला.

“अजून ऊब आहे गं...” ती म्हणाली.

सोमवारपासून साइट सुरळीत चालू आहे. साहेब म्हणाले, “शाब्बास, मेमरीची गळती पकडलीस!” ताई कसनुशी हसली. मला म्हणाली, “मी काहीच पकडलं नाही रे.”

आता ऑफिसातून निघताना ती न चुकता घरी फोन करते. एकदा माझ्यासमोरच केला.

“आई, मी घरी आलेय का?”

आई लगेच उत्तर देत नाही. आधी आतल्या खोलीत डोकावून येते.