ओलं लुगडं

"ह्या घरात पोर नाय झालं, म्हून आता मलाच पोर करते काय गो?" असं म्हणत हौसाबाईंनी डायपरचं पाकीट अंगणात भिरकावलं, आणि दारात उभ्या असलेल्या सुनेच्या, छायाच्या काळजाचं पाणी झालं...

सकाळीच ती किन्हवलीहून एसटीने शहापूरला जाऊन आली होती. मेडिकलवाल्याने विचारलं होतं, "बाळाचे की मोठ्यांचे?" "मोठ्यांचे," म्हणत तिने पाकीट घाईने पिशवीत कोंबलं होतं. नऊ वर्षांपूर्वी, दिवस भरलेले असताना, तिचं बाळ पोटातच गेलं. ती शुद्धीवर येईपर्यंत सासूने ते नेऊन पुरलंही होतं. मुलगा होता की मुलगी, कुणी सांगितलं नाही. त्यानंतर गावातल्या एकाही बारशाला हौसाबाईंनी तिला जाऊ दिलं नाही.

सासूचा लघवीवरचा ताबा सुटून दोन महिने झाले होते. भिजलेली लुगडी हौसाबाई गोधडीखाली दडवत. छाया ती गुपचूप धुई आणि नवरा भरत वाशिंदच्या कारखान्यातून परतायच्या आत वाळवून घडी घाली. आईची लाज लेकापुढे उघडी पडू नये, एवढ्यासाठीच तिचा जीव तुटे.

पाकीट भिरकावलं त्या दिवसापासून हौसाबाईंनी पाणीच सोडलं! प्यायचं नाही, म्हणजे भिजायला नको. चौथ्या दिवशी भर दुपारी त्या मोरीपाशी कोसळल्या. दवाखान्यात सलाईन लावावं लागलं.

घरी आणल्यावर छायाने दार लोटलं आणि लग्नानंतर प्रथमच ती सासूच्या खाटेवर बसली.

"आई, बाळ गेलं तवा मला महिनाभर दूध येत व्हतं. चोळी भिजायची. तुमाला दिसू नये म्हून मी फडकी बांधायचे. अंग आपलं ऐकत नाय तवा काय व्हतं, ते मला ठाव हाय. तुमाला एकटीला नाय भोगू देणार मी."

हौसाबाईंनी स्वतःच लुगड्याची गाठ सोडली. पहिला डायपर वाकडा बसला, दुसरा नीट बसला. वरून छायाने पूर्वीसारखाच काष्टा घालून दिला. भिंतीला धरून म्हातारी चार पावलं चालली, तिने मागे वळून पाहिलं... काहीच दिसत नव्हतं. आणि एकाएकी तिने सुनेचं मनगट घट्ट धरलं.

"पोरगी व्हती गो. काळेभोर केस व्हते तिला. नदीकाठी जांभळीखाली ठेवली मी. तू बघितली असतीस तर सोडली नसतीस, म्हून दाखवली नाय... चुकलं माझं."

नऊ वर्षं गोठलेलं ते मातृत्व सासूच्या खांद्यावर ढसाढसा कोसळलं.

पंधरा दिवसांनी दोघी रिक्षाने नदीवर गेल्या. दवाखाना सोडला तर अडीच महिने उंबरठा न ओलांडलेल्या हौसाबाई पुढे, छाया पिशवीत एक जास्तीचा डायपर घेऊन मागे. जांभळ केव्हाच तोडली गेली होती. म्हातारीने बराच वेळ इकडेतिकडे पाहिलं, मग एका गवताळ जागेकडे बोट दाखवलं.

"हितंच असंल," ती म्हणाली, आणि दोघी तिथेच खाली बसल्या.