वाकलेली पिन

ज्यानं त्या कागदावर "तपासलं, ठीक आहे" असं लिहून खाली सही ठोकली, त्याला मी कधी माफ करणार नाही. दोन स्क्रू काढायचे होते. फक्त दोन! त्याच्या आळसापायी एक बाई जिवानिशी गेली आणि दुसरी आयुष्यातून उठली. तो मात्र आत्ता कुठेतरी पोटभर जेवून निवांत झोपला असेल.

हसू नका रे. आज दुकानात तुम्हीही तेच करत होतात, म्हणून सांगतोय. कॉम्प्युटरचं कॅबिनेट न उघडताच पार्ट बदलून मोकळे! बसा. दिवा राहू दे तसाच.

या दुकानात माझा भागीदार होता, त्याला आम्ही चिमटा म्हणायचो, कारण खिशात कायम चिमटा. स्वतःच्या लग्नातसुद्धा कोटाच्या खिशात होता, फोटोत दिसतो.

मागच्या वर्षीची गोष्ट. डिसेंबरातला दुसरा मंगळवार. रात्री अकरा वीसला त्याला रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममधून फोन आला. रात्रपाळीची ताई बोलत होती. लोकांचे कॉल घ्यायचे, पत्ता टिपायचा आणि गाडी पाठवायची, हे तिचं काम.

"दादा, उद्या दहाला माझी चौकशी आहे. मशीन एकदा बघाल का? मी झोपले नव्हते हो."

झालं होतं असं. नऊ रात्रींपूर्वी, दोन वाजून दहा मिनिटांनी, वीज गेली आणि मागच्या अंगणातला जनरेटर धडधडायला लागला. कॉम्प्युटरला बॅटरी होती, तो बंद पडायचं कारणच नव्हतं. तरी पडला. पुन्हा चालू व्हायला तीन मिनिटं लागली. नेमक्या त्या तीन मिनिटांत, तिसऱ्या मजल्यावर एकटीच राहणाऱ्या एका आजीनं फोन केला. तिला श्वास घेता येत नव्हता. सकाळी ती मेलेली सापडली. तिच्या मोबाइलमध्ये केलेला कॉल होता, मशीनच्या यादीत मात्र नोंदच नव्हती. साहेब लोक म्हणाले, मशीन ठणठणीत आहे, तसा कागद आहे. म्हणजे बाई झोपली असणार. नोकरी तर जाणारच होती, वर जीव घेतल्याचा डाग.

चिमटा पोचला. ताईनं तेवढ्यापुरते कॉल दुसऱ्या केंद्राकडे वळवले. मशीनचा प्रकार विचित्र होता. मशीनला हेडफोन दिसला की ज्यातून कॉल येतात ते कार्ड गायब, कार्ड दिसलं की हेडफोन गायब. आधीच्या लोकांनी कार्ड दोनदा बदललं होतं.

"भांडतायत दोघं," चिमटा म्हणाला.

"सासूसुनेसारखे?"

"सासूसुनांना निदान भांडणाचं कारण तरी माहीत असतं, ताई."

त्याची पद्धत ठरलेली. आतले सगळे कनेक्टर काढायचे, मग एकेक लावायचा आणि दर वेळी मशीन चालू करून बघायचं. घाई नाही. काढलेल्या प्रत्येक वायरीला चिकटपट्टी, पट्टीवर आकडा. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला हेडफोन लावायचं पोर्ट असतं, त्याचा आतला कनेक्टर त्यानं ओढला आणि तो थांबला. टॉर्च जवळ धरला.

कुणीतरी कनेक्टर एक जागा सरकवून बसवला होता. बसेना, तर अंगठ्यानं दाबला होता. एक पिन वाकून शेजारच्या पिनेला टेकायला केसभर बाकी होती. जनरेटर सुरू झाला की टेबल थरथरायचं, दोन पिना चिकटायच्या आणि मशीन बंद पडायचं.

त्यानं तीन फोटो काढले.

"सरळ करता ना?" ताईनं विचारलं.

"मुळीच नाही. उद्या साहेबांना हीच दाखवायची. झोपलं कोण होतं ते कळू दे त्यांना."

ताई रडली, मग हसली, आणि चहा करायला खाली गेली. घड्याळात दोन आठ झाले होते.

मशीन चालूच होतं. नुसता बोर्ड आणि स्क्रीन. कार्ड काढून ठेवलेलं. नेटची वायर काढलेली. हेडफोनची वायर टेबलावरून खाली लोंबत होती, कशालाच न जोडलेली.

दोन नऊ.

दोन दहा.

बेल वाजली.

चिमट्यानं कार्डाकडे बघितलं. कार्ड टेबलावर होतं. बेल वाजत होती. स्क्रीनवर पत्ता आला. तिसरा मजला...

हेडफोनमधून श्वास ऐकू येत होता. थांबत... ओढत...

"कुणी आहे का?"

त्यानं हेडफोन उचलला. वायरीचं टोक त्याच्या गुडघ्याशी हेलकावत होतं.

"अहो... कुणी आहे का..."

काय करायला हवं होतं? तुम्हीच सांगा. गप्प बसायला हवं होतं? नऊ रात्री ती विचारत होती. कुणीतरी उत्तर द्यायला नको?

तो म्हणाला, "आहे, आजी. गाडी निघाली. दार तेवढं उघडं ठेवा."

श्वास... पुन्हा ओढत...

मग, "बरं, बाळा."

आणि स्क्रीन काळी.

ताई चहा घेऊन आली तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. तिला त्यानं काही सांगितलं नाही. मला सांगितलं, सकाळी, आम्ही दोघं चौकशीला जाताना वाटेत. मी म्हटलं, तुला झोप हवी.

चौकशी कंट्रोल रूममध्येच होती. साहेबांनी फोटो पाहिले, पिन पाहिली. माणूस वाईट नव्हता. "मग बाईंची चूक दिसत नाही," म्हणत त्यांनी पेन काढलं. "त्या रात्रीची यादी उघडा फक्त. तीन मिनिटं रिकामी आहेत तेवढं कागदावर येऊ दे."

यादी उघडली.

रिकामी नव्हती.

दोन वाजून दहा. तीच तारीख. कॉल घेतला. शेजारी आवाजाची नोंद.

साहेबांनी लावायला सांगितली.

श्वास... "कुणी आहे का?"... आणि मग एका पुरुषाचा आवाज. "आहे, आजी. गाडी निघाली. दार तेवढं उघडं ठेवा."

चिमट्यानं माझं मनगट धरलं. आजी गेली त्या रात्री तो माझ्या शेजारी, दुकानात, हिशेबाच्या वह्यांवर डोकं ठेवून घोरत होता. मी शपथेवर सांगतो.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे मशीन चालू होतं. कॉल घेतला, गाडी पाठवली नाही. आणि रात्री दोनला तुमच्या खोलीत हा पुरुष कोण होता, बाई?"

ताईनं चिमट्याकडे पाहिलं. आवाज तिनं ओळखला होता.

तेव्हा दारात उभा असलेला गाडीचा ड्रायव्हर, त्या सकाळी आजीला उचलायला गेलेला, हळूच म्हणाला, "तरीच साहेब. दार सताड उघडं होतं. म्हातारी उंबऱ्याशी खुर्ची ओढून, जिन्याकडे डोळे लावून बसली होती."