टार्गेट पूर्ण झालं की सांगते

रत्नप्रभा धुरीचं पहिलंवहिलं लाइव्ह मोजून तीन माणसं बघत होती. एक तिची आई, दुसरी मैत्रीण श्वेता, आणि तिसरा कोण कुठला, बहुधा चुकून आत शिरलेला आणि बाहेर कसं पडायचं ते न सापडलेला.

जागा म्हणजे मुलुंड पूर्वेला, जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावरचं शांताबाईंचं रुग्णसाहित्य केंद्र. घरात कुणी अंथरूण धरलं की इथून खाट, व्हीलचेअर, वॉकर, जे लागेल ते न्यायचं आणि गरज संपली की आणून द्यायचं. भाडंबिडं काही नाही. रत्नप्रभाचे आजोबा शेवटची दोन वर्षं इथल्याच खाटेवर होते. ते गेल्यावर ती खाट परत करायला आली, तेव्हा शांताबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "काय करतेस गं तू?"

"अंधेरीला ऑफिस आहे. सोशल मीडियावर जाहिराती करते. शॅम्पू, लिपस्टिक असलं."

"मग आमच्या कमोडच्या खुर्च्यांची कर की जरा."

शांताबाईंनी उभा जन्म नर्सची नोकरी केलेली. त्यांना नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. शिवाय गरजही खरीच होती. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार होती. जवळच एक गाळा भाड्याने मिळत होता, पण त्याची अनामत चार लाख, आणि तीही गणपतीच्या आत. नाहीतर साठ खाटा आणि चाळीस व्हीलचेअर रस्त्यावर येणार.

तर मे महिन्यातला तो रविवार. रत्नप्रभा घामाने निथळत फोनसमोर उभी, हसू चिकटवलेलं, "नमस्कार, आज आपण..." एवढं म्हणते न म्हणते तोच तिच्या मागून एक उंच मुलगा आत शिरला. डोक्यावर उलटी कमोडची खुर्ची!

"अहो! लाइव्ह चालू आहे!"

"चालू दे की. मी कुठे बंद पाडलं?"

"बाजूला व्हा ना जरा!"

"होतो की. पण ही आधी ठेवू तरी दे. पाय वेल्डिंग करून आणलाय तिचा. का तिला पण नमस्कार करायचाय?"

तिकडे फोनवर श्वेताने हसून लोळणारे दहा चेहरे पाठवले. आणि तो तिसरा माणूस, चुकून आलेला, त्याने लिहिलं, 'हा कोण? एक नंबर आहे', आणि शंभर रुपये पाठवले. केंद्राची ती पहिली ऑनलाइन देणगी.

मुलाचं नाव सुयोग राणे. साकीनाक्याला त्याचा फॅब्रिकेशनचा गाळा होता, आणि त्याच्या आईचं आजारपण शांताबाईंनी काढलं होतं म्हणून दर रविवारी येऊन तो इथल्या मोडक्या खुर्च्या फुकट दुरुस्त करायचा. रंगाने सावळा, मनगटावर ठिणग्यांचे बारीक डाग, आणि हसला की आधी डोळे हसायचे... खोटं कशाला सांगू, रत्नप्रभाला तो त्याच दिवशी आवडला. तिने मात्र श्वेताला सांगताना 'कन्टेन्टला बरा आहे' असं सांगितलं.

पुढचे रविवार मग झकास रंगले. सुयोग व्हीलचेअरचा ब्रेक कसा तपासायचा ते दाखवायचा, ती मध्ये मध्ये नाक खुपसायची.

"एवढा घट्ट कशाला पिळतोस रे? तुटेल ना!"

"तुटली तर पुढच्या रविवारी परत यायला कारण मिळेल."

"कारण लागतं का तुला?"

"मला नाही लागत. तुला लागतं. तू लाइव्ह लावल्याशिवाय माझ्याशी बोलतेस कुठे?"

लोक खूश! 'ताई लाजली बघा', 'दादा, ब्रेक राहू दे, पुढे बोला'. बघणारे तीनाचे तीनशे झाले, तीनशेचे हजार. आणि रत्नप्रभाच्या एक गोष्ट लक्षात आली. नुसती खाट दाखवली की पैसे थेंब थेंब येतात, आणि ती दोघं भांडली की धो धो. धंद्यातलीच पोर ती, तिला हे न दिसून कसं चालेल? तिथूनच तिला खोड लागली. चहा पिताना त्याने काही गमतीचं म्हटलं की ती पटकन त्याच्यापुढे हात धरायची, "थांब थांब, हे आत्ता नको. रविवारी बोल."

"आणि सोमवार ते शनिवार काय बोलायचं?"

"चहा पी गप."

एकदा ती ऑफिस सुटल्यावर त्याच्या गाळ्यावर गेली होती. बाहेर पाऊस, आत लोखंडाचा तापलेला वास. त्याच्या हाताला नुकताच चटका बसलेला. तिने तो हात आपल्या हातात घेतला आणि फुंकर घातली. त्या दिवशी फोन तिच्या पर्समध्येच होता, कुणीही बघत नव्हतं.

"रत्नप्रभा..." बाकी सगळे तिला रत्ना म्हणायचे, तो मात्र अख्खं नाव घ्यायचा. "एक विचारायचंय तुला."

तिला कळलं काय ते. एकदम तिला पळ काढावासा वाटला, आणि पळायची एकच वाट तिला तोंडपाठ होती.

"रविवारी विचार!" असं म्हणून ती हसत सुटली.

त्याने तिच्याकडे क्षणभर बघितलं. "बरं," म्हणाला.

गणपतीच्या आधीचा तो शेवटचा रविवार. तीन लाख बेचाळीस हजार जमले होते, अठ्ठावन्न हजार बाकी होते, आणि गाळेवाला सोमवारी उत्तर मागणार होता. चौदाशे लोक बघत होते. एका फोनवर लाइव्ह, दुसऱ्या फोनवर येणाऱ्या देणग्या. त्यात देणाऱ्याचं नाव, रक्कम, आणि त्याने काही लिहिलं असेल तर ते खाली बारीक अक्षरात. शांताबाई कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. सुयोग खाली बसून चाक आवळत होता, आज जरा गप्प गप्पच.

"काय रे," रत्नप्रभाने त्याला डिवचलं, "काहीतरी विचारायचं होतं ना तुला?"

त्याने पाना खाली ठेवला. "एक मिनिट ते बंद कर ना."

"लाइव्ह कसं बंद करू? चौदाशे लोक आहेत रे!"

त्याने हात पुसले. मग फोनकडे न बघता तिच्याकडे बघत म्हणाला, "बरं. असू देत. मला तू आवडतेस, रत्नप्रभा. रविवारची नाही... सगळ्या वारांची. माझ्याशी लग्न करशील?"

शांताबाईंच्या हातातला कापूस तसाच राहिला.

'हो' अगदी जिभेवर होतं तिच्या. देवाशपथ होतं! पण नजर गेली स्क्रीनवर. चौदाशेचे सोळाशे, दोन हजार, सव्वीसशे... बदाम नुसते उसळत होते. आणि इतकी वर्षं शॅम्पू विकलेलं तिचं तोंड तिच्याआधी बोलून मोकळं झालं.

"उत्तर हवंय सगळ्यांना?" तिने टाळी वाजवली. "मग अठ्ठावन्न हजार आणा! टार्गेट पूर्ण झालं की सांगते!"

अकरा मिनिटं. फक्त अकरा मिनिटांत टार्गेट पूर्ण झालं.

त्या धांदलीत सुयोगने हत्यारं पिशवीत भरली, खुर्ची भिंतीला लावून ठेवली आणि तो बाहेर पडला. तिने बघितलं. तिला वाटलं, लाजला, चहाला गेला असेल. लोक विचारत होते, 'उत्तर? ताई, उत्तर?' तर ती म्हणाली, "ते त्यालाच देणार, तुम्हाला नाही!" आणि ते ती मनापासून म्हणाली होती. तिचं 'हो' तिने जपून ठेवलं होतं. फक्त आधी नावं घ्यायची होती. प्रत्येक देणाऱ्याचं नाव घेऊन आभार मानायचे, मग रक्कम कितीही लहान असो, असा शांताबाईंचा दंडक होता. त्या दिवशी नावं होती दोनशे ऐंशी.

तिने भराभर वाचली. पाऊण तास लागला. शेवटचं नाव घेऊन लाइव्ह बंद केलं आणि ओढणी सावरत ती धावत बाहेर गेली. रस्त्यावर पाऊस होता, चहावाला होता. सुयोग नव्हता.

तिने फोन लावला. तिसऱ्यांदा त्याने उचलला.

"अरे, कुठे गेलास? उत्तर नको का तुला?" तिच्या आवाजात अजून लाइव्हचं हसू होतं.

"राहू दे गं."

"राहू दे काय? ऐक तर!"

"आता तू हो म्हणालीस, तरी मला कळायचं नाही, मला म्हणालीस की त्या अठ्ठावन्न हजारांना."

हे तिला लागलं. लागणारच. "एवढाही विश्वास नाही तुझा माझ्यावर?"

"होता म्हणून तर सगळ्यांसमोर विचारलं."

"मग बस तसाच!" तिने रागाने फोन ठेवला.

चूक आपली आहे, हे तिला त्याच संध्याकाळी घरी पोचेपर्यंत कळलं होतं. पण आधी त्याने फोन करावा, असं तिला वाटत राहिलं. त्याला काय वाटत होतं, देव जाणे. तो रविवारऐवजी बुधवारी येऊ लागला. दुरुस्त खुर्च्या भिंतीशी ओळीने उभ्या दिसायच्या, माणूस दिसायचा नाही. ती फोन हातात घ्यायची, 'सॉरी' लिहायची, पुसायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली. नवा गाळा मिळाला, खाटा तिथे गेल्या, केंद्राचं नाव झालं. लाइव्हवर लोक अधूनमधून विचारायचे, दादा कुठे गेले? ती म्हणायची, कामात आहेत.

मार्चमध्ये एका दुपारी तो रविवारीच आला. शांताबाई देवळात गेल्या होत्या. त्याच्या हातात लग्नपत्रिका होती.

"बाईंना द्यायची होती," तो म्हणाला. "अक्षय्य तृतीयेला आहे. मुलगी चेंबूरची. माधुरी नाव."

"छान," ती म्हणाली. मग पत्रिका हातात धरूनच, त्याच्याकडे न बघता, सात महिने गिळलेलं एका दमात बोलून टाकलं. "माझं उत्तर हो होतं, सुयोग. त्या दिवशी. टार्गेटच्या आधी पण होतं, नंतर पण होतं. मी मूर्खपणा केला. तू थोडा वेळ तरी थांबायला हवं होतंस रे..."

"थांबलो होतो की."

"कुठे?"

"कोपऱ्यावर. मेडिकलच्या पत्र्याखाली. पाऊण तास. फोनवर तुलाच बघत होतो."

"मग फोन करायचा ना!"

"तुझ्याच फोनवर लाइव्ह चालू होतं. मध्येच तुटलं असतं तर? बाईंचं काम होतं ते." तो जरासा हसला. "म्हणून माझ्या गाळ्याच्या खात्यावरून एकावन्न रुपये पाठवले. म्हटलं, दुसऱ्या फोनवर फक्त तुलाच दिसतील. खाली लिहिलं होतं, बाहेर ये, कोपऱ्यावर आहे, दोन मिनिटं पुरेत. तू वाचलंस. 'गुरुकृपा फॅब्रिकेशन, एकावन्न रुपये, मनापासून आभार!' आणि लगेच पुढचं नाव घेतलंस."

"मी... मी नुसती नावं आणि आकडे वाचत होते रे. कुणाचं नाव तेही डोक्यात शिरत नव्हतं, खालचं काही दिसतच नव्हतं मला."

"ते मला आत्ता कळतंय. तेव्हा वाटलं, वाचून पुढे गेलीस."

बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून भांडत होता. सुयोगने सवयीने शेजारच्या व्हीलचेअरचा ब्रेक दाबून बघितला, ठीक होता.

"चांगली आहे का रे ती?" तिने विचारलं.

"चांगली आहे." मग म्हणाला, "लग्नाला ये."

"येईन."

दोघांनाही ठाऊक होतं की ती जाणार नाही. तो गेला. तिने त्याला दाराशी जाऊन बघितलंही नाही.

मग तिने केंद्राचा तो दुसरा फोन काढला आणि मागे मागे जात ऑगस्टपर्यंत गेली. सापडलं. गुरुकृपा फॅब्रिकेशन, एकावन्न रुपये, आणि खाली त्याने सांगितली तीच ओळ. तिचे डोळे भरून आले. पुसत पुसत ती यादी सरकवत राहिली, उगीचच, एकेक नाव बघत... तर पुढे तेच नाव पुन्हा. पंचवीस मिनिटांनंतर पाठवलेलं. हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं.

गुरुकृपा फॅब्रिकेशन, एक रुपया. खाली लिहिलं होतं, 'मग जाऊ का?'

त्या दिवशी तिने एकही नाव गाळलं नव्हतं. एका रुपयाचं नाव आल्यावर ती थोडी हसलीही होती, हे तिला आता आठवलं. हसून तिने त्या रुपयाचेही मनापासून आभार मानले होते.